संकेतस्थळ : काम सोपवता येते, जबाबदारी नाही

पेढीसाठी नवी जागा घ्यायची ठरली की व्यापारी कुटुंबात किती विचार होतो! दस्त कोणाच्या नावावर करायचा, रस्ता वर्दळीचा आहे की नाही, माल उतरेल कोठून, गिऱ्हाईक बसेल कोठे, गल्ला कोण सांभाळील, या साऱ्याची चर्चा थोरामोठ्यांसमोर होते. सुताराकडे रोजच्या रोज विचारणा होते. फळ्या, कपाटे, कुलपे मालक स्वतः पाहून घेतो. मग शुभमुहूर्तावर पूजन होऊन दार उघडते. त्याच कुटुंबात संकेतस्थळ, म्हणजे वेबसाइट, काढायचे ठरले तर मात्र पुष्कळदा एवढेच घडते : मुलाच्या ओळखीचा एखादा जाणकार तरुण बोलावला जातो, त्याच्या हाती आगाऊ रक्कम ठेवली जाते आणि 'दिवाळीच्या आत होऊन जाऊ द्या' असे सांगून सारे आपापल्या कामाला लागतात.

दिवाळी येते आणि जाते. संकेतस्थळ अर्धवट असते, किंवा पूर्ण असले तरी त्यावर गेल्या वर्षीचे भाव असतात. दोन-तीन वर्षांनी पत्ता बदलायचा म्हटले तर पासवर्ड कोणालाच ठाऊक नसतो. तो तरुण नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरी गेलेला असतो, आणि ज्या नावाने तीन पिढ्या व्यापार केला ते नाव इंटरनेटवर त्याच्या खात्यात नोंदलेले असते. यात कोणाची लबाडी असतेच असे नाही. मालकाने काम सोपवले आणि कामाबरोबर जबाबदारीही सोपवली, एवढीच चूक झालेली असते.

ही चूक केवळ लहान व्यापाऱ्यांची नाही. पैसा, मनुष्यबळ आणि तंत्रज्ञान यांची कसलीही वाण नसलेल्या अमेरिकेच्या सरकारनेही ती केली. संकेतस्थळाचे नियोजन कसे फसते आणि कसे सावरते, याचे इतके तपशीलवार नोंदले गेलेले उदाहरण क्वचितच मिळेल.

सहा जणांची नोंदणी

२०१० साली अमेरिकेत आरोग्यविम्याचा नवा कायदा झाला. नागरिकांना निरनिराळ्या कंपन्यांच्या विमायोजना एकाच ठिकाणी पाहून, तुलना करून त्यांतील एक निवडता यावी, यासाठी 'हेल्थकेअर डॉट गव्ह' हे संकेतस्थळ उभारण्यात आले. छत्तीस राज्यांतील नागरिकांसाठी ते १ ऑक्टोबर २०१३ रोजी खुले झाले. पहिल्या चोवीस तासांत त्याला सुमारे सत्तेचाळीस लाख भेटी झाल्या. एका वेळी पन्नास-साठ हजार लोक येतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात अडीच लाख आल्याचे सरकारी अधिकाऱ्यांनी सांगितले. पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण झाली ती मात्र अवघ्या सहा जणांची. हा आकडा पुढे तेथील संसदीय समितीने प्रसिद्ध केलेल्या अंतर्गत टिपणांतून बाहेर आला.

कारणे शोधली गेली तेव्हा गर्दी हे त्यांतील एकच कारण निघाले. काम पंचावन्न कंत्राटदारांत वाटलेले होते. कोणी खाती उघडण्याची सोय केली, कोणी विमायोजनांची माहिती मांडली, कोणी सरकारी खात्यांतील माहितीची देवाणघेवाण पाहिली. हे सारे तुकडे जोडून एकसंध गोष्ट उभी करण्याचे काम संबंधित सरकारी संस्थेने स्वतःकडे ठेवले होते, परंतु तेवढा अनुभव तिच्याकडे नव्हता. प्रत्येक कंत्राटदार आपापल्या तुकड्यापुरता उत्तरदायी होता. संपूर्ण संकेतस्थळ चालते की नाही, याचे उत्तर देणारा एकही माणूस नव्हता. पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंतची एकत्रित चाचणी झाली ती उद्‌घाटनापूर्वीच्या अखेरच्या दोन आठवड्यांत.

त्यातच उद्‌घाटन जवळ आले असताना एक बदल झाला. खाते न उघडता योजना व त्यांचे दर पाहण्याची सोय बाजूला ठेवण्यात आली. त्यामुळे नुसती चौकशी करायला आलेल्यालाही आधी खाते उघडणे भाग पडले आणि सारी गर्दी त्याच एका दारात अडकली. कापडाच्या दुकानात उंबऱ्यावरच प्रत्येकाचे नाव, गाव आणि ओळखपत्र मागितले आणि मगच ठाण उलगडून दाखवले, तर जे होईल तेच येथे झाले.

खर्चाचेही तसेच झाले. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण संस्थेने जुलै २०१४मध्ये दिलेल्या अहवालानुसार या मुख्य यंत्रणेच्या कंत्राटाची रक्कम सप्टेंबर २०११मध्ये ५.६ कोटी डॉलर होती. फेब्रुवारी २०१४पर्यंत ती २०.९ कोटी डॉलरच्या वर गेली. परिणामकारक नियोजन आणि देखरेख यांवाचूनच काम हाती घेतले गेले, असा त्या अहवालाचा निष्कर्ष होता.

आता सावरण्याची गोष्ट. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात जेफ्री झायंट्स या व्यवस्थापनातील अनुभवी गृहस्थांकडे दुरुस्तीची सूत्रे देण्यात आली. आधीपासून कामावर असलेल्या कंत्राटदारांपैकी एकाला सर्वांचा प्रमुख नेमले गेले. बाहेरून काही मोजके अभियंते आले. त्यांना आढळले की संकेतस्थळ या क्षणी कसे चालले आहे, किती लोक आत आहेत, कोठे अडकत आहेत, हे दाखवणारा साधा फलकही कोणापुढे नव्हता. पहिल्यांदा तो तयार झाला. रोज बैठका होऊ लागल्या आणि त्यांचे नियम ठरले : बैठक प्रश्न सोडवण्यासाठी आहे, दोष कोणाचा हे ठरवण्यासाठी नाही, ज्याला विषयाची सर्वांत अधिक माहिती तो बोलेल, मग त्याचा हुद्दा काहीही असो, आणि सर्वांत तातडीचा प्रश्न आधी घेतला जाईल. नोव्हेंबरअखेर संकेतस्थळ बहुसंख्य लोकांसाठी नीट चालू लागले. एप्रिल २०१४च्या मध्यापर्यंत केंद्राच्या व राज्यांच्या व्यवस्था मिळून ऐंशी लाखांहून अधिक लोकांनी विमायोजना निवडल्या होत्या.

यंत्रांची क्षमता वाढवली गेली, शेकडो दोष दूर झाले, हे खरे. परंतु त्या दोन महिन्यांत काम करणाऱ्या कंपन्या बव्हंशी त्याच होत्या. बदलले ते एवढेच, की सारे एका माणसाला उत्तर देऊ लागले आणि त्या माणसापुढे रोजचा खरा हिशेब येऊ लागला.

आपल्याकडील व्यापाऱ्यांना याचा वेगळा दाखला द्यायला नको. ७ जून २०२१ रोजी प्राप्तिकर विभागाचे नवे पोर्टल सुरू झाले, तेव्हाचे दिवस करसल्लागार आणि त्यांचे पक्षकार अजून विसरलेले नाहीत. अडचणी इतक्या लांबल्या, की २३ ऑगस्टला अर्थमंत्रालयाने ते उभारणाऱ्या कंपनीच्या प्रमुखांना स्पष्टीकरणासाठी पाचारण केले, आणि वैयक्तिक विवरणपत्रांची मुदत टप्प्याटप्प्याने ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली.

आधी कागद, मग पडदा

पेढीचे संकेतस्थळ या दोहोंच्या मानाने अगदीच लहान असते. पण नियम तोच लागू पडतो. पहिला प्रश्न असा, की ते कशासाठी हवे? पेढीची ओळख, पत्ता, वेळा आणि मालाचे प्रकार एवढेच सांगायचे असेल, तर चार-पाच पानांचे संकेतस्थळ पुरते. घाऊक व्यापाऱ्याला बहुधा चौकशीची सोय आणि मालाची यादी हवी असते. त्याचे भाव गिऱ्हाइकागणिक आणि मालाच्या नगांनुसार बदलतात, त्याला खरेदीची टोपली काय कामाची? प्रत्यक्ष किरकोळ विक्री करायची असेल तर साठ्याची नोंद, पैसे स्वीकारणे, जीएसटीचे बिल, माल पोहोचवणे, परत घेणे, पैसे परत करणे हा सारा व्यवहार आला. या तीन प्रकारांत खर्चाचे आणि कष्टाचे अंतर फार मोठे आहे. कोणता प्रकार हवा हे न ठरवता मागवलेल्या दरपत्रकांची तुलनाच होऊ शकत नाही.

म्हणून तरुण तंत्रज्ञाला बोलावण्यापूर्वी एक कागद तयार व्हावा. किती पाने, कोणत्या भाषा, मालाचे किती प्रकार, छायाचित्रे कोण काढणार, मजकूर कोण लिहिणार, भाव कोण आणि किती दिवसांनी बदलणार, आलेल्या चौकशीला दुकानातील कोण उत्तर देणार, हे त्यात असावे. आपल्याकडील ग्राहक संकेतस्थळ बहुधा मोबाइलवरच उघडतो, तेव्हा ते आधी मोबाइलवर नीट दिसले पाहिजे, हेही त्यातच लिहावे. कामाला उशीर झाला की बोल तंत्रज्ञाला लावला जातो. पण पुष्कळदा तो मालकाकडून यायच्या छायाचित्रांची आणि मजकुराचीच वाट पाहत बसलेला असतो.

कुटुंबातील एकाच व्यक्तीकडे या कामाचा निर्णय असावा. मोठे बंधू सकाळी एक रंग सुचवतात, धाकटे दुपारी दुसरा, काकांना मुखपृष्ठावर दुकानाच्या स्थापनेचा फोटो हवा असतो आणि सूनबाईंचे म्हणणे असे की तो आत असावा. चारही सूचना योग्य असू शकतात; पण त्या चार निरोपांनी तंत्रज्ञाकडे गेल्या तर पंचावन्न कंत्राटदारांचाच प्रकार घरातल्या घरात होतो. घरात मोकळी चर्चा व्हावी, निर्णय एकाने लेखी कळवावा. काम सुरू झाल्यावर बदल सुचलाच, तर त्याने किती दिवस आणि किती खर्च वाढेल हे आधी विचारून घ्यावे.

हा मान बहुधा घरातील तरुण पिढीकडे जातो, आणि तो जावाच. पण अधिकार न देता नुसते काम अंगावर टाकले, तर मुलगा किंवा मुलगी केवळ निरोप्या होऊन राहते.

दस्त कोणाच्या नावावर?

संकेतस्थळाची मालमत्ता चार ठिकाणी विखुरलेली असते : त्याचे नाव म्हणजे डोमेन, ते जेथे साठवले जाते ती जागा म्हणजे होस्टिंग, त्यावरील मजकूर व छायाचित्रे, आणि ते चालवणारी आज्ञावली. चारही गोष्टी पेढीच्या ताब्यात आहेत की नाहीत, हे पाहिले पाहिजे.

डोमेन कायमचे विकत मिळत नाही; ते ठरावीक वर्षांसाठी नोंदवून मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे लागते. त्याची सूचना नोंदणीत दिलेल्या ई-मेलवर जाते. तो ई-मेल तंत्रज्ञाचा असेल तर सूचना पेढीपर्यंत पोहोचतच नाही. मुदत टळून नाव सुटले तर दुसरा कोणीही ते घेऊ शकतो. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निवाड्यात डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, हे मान्य केले. परंतु न्यायालयात जाऊन नाव परत मिळवण्यापेक्षा वेळेवर नूतनीकरण करणे किती स्वस्त! म्हणून डोमेन आणि होस्टिंग पेढीच्या नावाने, पेढीच्या ई-मेलवर आणि पेढीच्या खात्यातून पैसे भरूनच घ्यावे. तंत्रज्ञाला कामापुरता प्रवेश द्यावा. पासवर्ड तिजोरीच्या किल्लीप्रमाणे घरातील दोघांना ठाऊक असावेत.

आज्ञावलीच्या बाबतीत एक गैरसमज सार्वत्रिक आहे. पैसे मोजले म्हणजे वस्तू आपली, हा बाजाराचा नियम येथे चालत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार पगारी नोकराने नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक सर्वसाधारणपणे धनी असतो. पण बाहेरच्या कंत्राटदाराने लिहिलेल्या आज्ञावलीचा पहिला मालक कंत्राटदारच राहतो, जोवर तो हक्क लेखी व सहीनिशी दिला जात नाही तोवर. लेखात मुदत लिहिली नसेल तर तो हक्क पाच वर्षांचाच धरला जातो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. एक परिच्छेद लिहून घेतला की हा प्रश्न मिटतो. वर्डप्रेससारख्या सर्वांना खुल्या असलेल्या पायावर काम झाले असेल, तर तो पाया पेढीच्या मालकीचा होत नाही. खास पेढीसाठी केलेले काम आणि पेढीची सारी माहिती मात्र आपल्या हाती यायला हवी.

हप्ता, मोजमाप आणि चाचणी

घरबांधणीच्या कर्जाची रक्कम बँक एकदम देत नाही. पाया झाला, छत पडले, गिलावा झाला, तसतसे मोजमाप पाहून हप्ते सुटतात. संकेतस्थळाचेही तसेच करावे. आराखडा मंजूर झाल्यावर एक हप्ता, नमुना पाहायला मिळाल्यावर दुसरा, सर्व माल भरून चाचणी झाल्यावर तिसरा, आणि काही रक्कम ते महिनाभर नीट चालल्यानंतर. यात तंत्रज्ञावर अविश्वास नाही. उलट, टप्पा पूर्ण झाला की त्याचे पैसे त्याच दिवशी दिले जावेत. चांगला कारागीर टिकतो तो यामुळेच.

चाचणी घरच्यांनी करावी. आजीच्या जुन्या मोबाइलवर संकेतस्थळ उघडते का? गावाकडच्या मंद नेटवर्कवर छायाचित्रे दिसतात का? मागणी नोंदवावी, यूपीआयने खरे पैसे भरावेत, बिलावरील कराची रक्कम वहीशी ताडून पाहावी, मग मागणी रद्द करून पैसे परत येतात का, तेही पाहावे. पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत जो चालून पाहील, त्यालाच दोष दिसतील. अमेरिकेत नेमके हेच शेवटच्या दोन आठवड्यांवर ढकलले गेले होते.

मुहूर्ताचे महत्त्व व्यापारी कुटुंबाला सांगायला नको. लाभपंचमीला संकेतस्थळ सुरू करायचे असेल तर जरूर करावे. पण त्याआधी दोन महिने ते जुन्या, ओळखीच्या ग्राहकांसाठी गाजावाजा न करता चालू असावे. सणाच्या गर्दीत नवे दार पहिल्यांदाच उघडू नये.

आणि उद्‌घाटन म्हणजे कामाचा शेवट नव्हे. आज्ञावली अद्ययावत ठेवणे, माहितीची दुसरी प्रत म्हणजे बॅकअप घेणे, आणि त्या प्रतीवरून संकेतस्थळ पुन्हा उभे राहते की नाही हे अधूनमधून करून पाहणे, यासाठी दरवर्षी खर्च येतो. पहिल्या वर्षीच्या अंदाजपत्रकात पुढच्या वर्षांची तरतूद नसेल, तर ते अंदाजपत्रक अपुरे समजावे.

व्रतांच्या कसोटीवर

श्रावकाच्या व्रतांचे अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिकमानोन्मान, म्हणजे देण्याघेण्याची मापे वेगळी ठेवणे, आणि प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे अस्सल दाखवून नक्कल देणे, यांचा समावेश आहे. सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे, रहोभ्याख्यान, म्हणजे दुसऱ्याची खाजगी गोष्ट उघड करणे, आणि न्यासापहार, म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव दडपणे, ही येतात. शेकडो वर्षांपूर्वी सांगितलेले हे दोष संकेतस्थळावर किती सहज घडू शकतात! छायाचित्र एका प्रतीच्या मालाचे आणि पाठवणी दुसऱ्या प्रतीची, हा प्रतिरूपकव्यवहार झाला. स्वतःच लिहून घेतलेले ग्राहकांचे अभिप्राय ही कूटलेखक्रिया. ग्राहकाने बिलासाठी दिलेला मोबाइल क्रमांक ही ठेव आहे. तो दुसऱ्या व्यापाऱ्याला विकला, तर न्यासापहार याहून वेगळा काय असतो?

आजचा कायदाही याच दिशेने बोलतो. २०२०च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्याने आपले नाव, पत्ता आणि तक्रारनिवारण अधिकाऱ्याचा तपशील संकेतस्थळावर द्यायचा असतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावे लागते. संमतीच्या चौकटीत आधीच खूण करून ठेवता येत नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला फसवणाऱ्या तेरा क्लृप्त्या नावानिशी सांगून त्यांना मनाई केली. 'फक्त दोनच नग शिल्लक' अशी खोटी घाई करणे आणि टोपलीत न मागितलेली वस्तू घालणे या त्यांतल्याच. १ ऑक्टोबर २०२२पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार व्यापाऱ्याला ग्राहकाच्या कार्डाचा तपशील आपल्याकडे साठवता येत नाही. आणि २०२३च्या वैयक्तिक डिजिटल माहितीच्या कायद्यात माहितीच्या सुरक्षिततेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

'हे सारे वेबसाइटवाल्याने केले, आम्हाला ठाऊक नव्हते' असे उत्तर ग्राहकापुढे किंवा कायद्यापुढे चालत नाही, आणि व्रतापुढे तर नाहीच. दुकानातील काट्याचे माप कमी भरले, तर काटा बनवणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. वजन करणारा हात पेढीचा असतो.

म्हणून या वर्षी चोपडापूजनाच्या वेळी वहीच्या पहिल्या पानांत एक पान संकेतस्थळाचेही असावे. डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख, कोणाकडे कोणता प्रवेश आहे, शेवटचा बॅकअप केव्हा घेतला आणि घरातील कोण उत्तरदायी आहे, एवढे चार ओळींत मावते. ते पान ज्या घरात दरवर्षी नव्याने लिहिले जाईल, त्या घराचे इंटरनेटवरील दारही दुकानाच्या दाराइतकेच विश्वासाचे राहील.